तोफ पचवणारी घोडी

म्हैसूरला दसऱ्याच्या आधी तोफांची तालीम होते. मिरवणुकीतल्या हत्तीघोड्यांना आवाजाची सवय व्हावी म्हणून राजवाड्याजवळच्या मैदानात तोफा उडवतात, आणि पहिल्या बाराला भलेभले हत्तीसुद्धा मागे सरतात. घोड्यांचं तर विचारूच नका. पोलिसांची शिकवलेली जनावरं मागच्या पायांवर उभी राहतात, आणि कुंपणाबाहेरची पोरंसोरं टाळ्या पिटतात. त्या गर्दीत दरवर्षी शंभूराव जगताप आपली घोडी घेऊन हजर असत. त्यांना कुणी बोलावलेलं नसे आणि कुणी हाकलतही नसे. तोफ धडाडली की रस्त्यावरची कुत्री शेपूट घालून पळत, झाडावरचे कावळे एकदम उठत, शंभूरावांची घोडी मात्र जागच्या जागी उभी असे. तिचा कानसुद्धा हलत नसे. शंभूराव आधी आजूबाजूला बघून घेत, लोकांचं लक्ष आहे ना याची खात्री करत, मग मिशीवरून हात फिरवून म्हणत, "पचवली."

हा त्यांच्या घरातला शब्द. घोडा आवाजाला बुजला तर 'तोफ लागली', नाही बुजला तर 'तोफ पचली'. जगतापांचे पूर्वज म्हैसूरच्या रिसाल्यात बारगीर होते. राजा गेला, रिसाला गेला, तरी घरातली घोडी गेली नाहीत. घराण्याचा देव नंजनगूडचा नंजुंड. नंजुंड म्हणजे विष गिळून पचवणारा, एवढं कन्नड तर म्हैसूरच्या लहान पोरालाही येतं. देवानं विष पचवलं, आमचे घोडे तोफ पचवतात, असा त्या घरचा हिशेब. म्हणून पागेत तोफ पचवणारा घोडा निपजला की त्याचं नाव नंजुंड, आणि घोडी असली तर नंजुंडी. पिढ्यान् पिढ्या हेच.

शंभूराव स्वतः काही सरदारबिरदार नव्हते. सगळा जन्म मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून काढला, कानाला कापसाचे बोळे लावून. पहाटे घोड्यांचा खरारा, मग कारखाना, संध्याकाळी परत पागा. लग्नाच्या वरातीला, एखाद्या सिनेमाच्या शूटिंगला घोडा भाड्यानं द्यायचा, त्यातून चंदीचा खर्च निघायचा. बायको म्हणायची, माझ्यापेक्षा घोड्यांच्या पाठीवरून जास्त हात फिरला तुमचा. ती गेली तेव्हा शंभूराव तिच्या उशाशी होते, पण हाताला घोड्याचा वास येत होता, हे त्यांनाही कळलं आणि तिलाही. राहायला चामराजपुरममधलं जुनं छोटं घर, आणि पागा शहराबाहेर, नंजनगूडच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर.

या पागेकडे लोक फारसे फिरकत नसत. आता घोडी दोनच उरली होती. एक नील, साधा तांबूस घोडा, लग्नांचं ओझं वाहणारा, जरा खट्ट झालं की उड्या मारणारा. दुसरी नंजुंडी. अंग काळसर तपकिरी, पण तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरंफेक, जसं काही दुधाच्या पातेल्यात बुडवून काढलं असावं. आणि डोळे फिकट निळे. घोड्याच्या डोळ्यात आपल्याला आपलं प्रतिबिंब दिसतं, आपुलकी दिसते. नंजुंडीच्या डोळ्यात काहीच दिसत नसे. ती बघायची ती तुमच्याकडे नव्हे, तुमच्या मागे कुणी उभं असल्यासारखं बघायची. गवत टाकायला येणारी बाई दाराबाहेरूनच भारा लोटून पळायची. आत आलेला माणूस न सांगता आवाज खाली आणायचा, आणि बाहेर पडल्यावर आपण का कुजबुजत होतो याचं त्यालाच नवल वाटायचं.

शंभूरावांचे वडील अंबाजीराव याचं कारण सांगत. निळ्या डोळ्यांच्या घोड्यांचे कान इकडे नसतात, तिकडे असतात. गेलेल्यांचं बोलणं त्यांना ऐकू येतं, म्हणून जित्यांच्या गोंगाटाकडे ते लक्ष देत नाहीत. म्हणून तोफ पचते. तिकडचं ऐकणाऱ्याला इकडच्या तोफेचं काय? शंभूराव तरुणपणी हे ऐकून हसत. पुनीत गेल्यावर त्यांनी हसणं सोडलं.

पुनीत त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या मांडीखाली तेव्हाचा नंजुंड होता, या घोडीचा बाप. पागेच्या पुढे रुळांवर तेव्हा फाटक नव्हतं, नुसती पायवाट होती. पुनीत उतरून घोड्याला हातानं पलीकडे नेत होता आणि रुळांच्या मधोमध नंजुंड उभा राहिला. काहीतरी हुंगत असेल. वळणावरून गाडी आली. शिट्टीवर शिट्टी. शेतातली माणसं ओरडली, पुनीत लगाम ओढत राहिला. घोडा हलला नाही, आणि पुनीतनं लगाम सोडला नाही. कारखान्यातले शंभूरावांचे जुने सोबती जगन्नाथराव सायकलवरून तिथून चालले होते. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं. ते म्हणाले, घोड्याची पाठ गाडीकडे होती, पण पठ्ठ्यानं मान वळवून मागे बघितलंसुद्धा नाही.

या शेवटच्या वाक्यावर शंभूराव इतकी वर्षं जगत होते. घरी पाहुणा आला की त्याला कॉफी मिळायची आणि ही गोष्ट मिळायची. आमच्या घोड्यानं आगगाडीकडे मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आमच्या पोरानं जनावर सोडलं नाही. शंभूरावांनीच तर शिकवलं होतं त्याला लहानपणी, घोड्याच्या आधी आपण हलायचं नाही, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. ही गोष्ट सुरू झाली की सून सुष्मा बैठकीतून उठून आत जायची. पुनीतच्या मागे तिनं नंजनगूडच्या एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी धरली होती आणि रोज त्याच रुळांवरच्या गाडीनं जायची-यायची. कुणी हळहळलं तर म्हणायची, "रुळांवर राग धरून पगार मिळत नाही." याउपर त्या विषयावर तिनं सासऱ्यांशी कधी चकार शब्द काढला नाही, आणि सासऱ्यांनीही तिच्याशी नाही. एका घरात दोन माणसं एकच दुःख पाठीला पाठ लावून सांभाळत होती.

शंभूराव बोलत ते नंजुंडीशी. रोज संध्याकाळी पागेत जाऊन तिच्यासमोर उलट्या बादलीवर बसत आणि पुनीतशी बोलल्यासारखं बोलत. घरात काय झालं, पूजिता, म्हणजे पुनीतची मुलगी, कॉलेजात कितवी आली, अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याच्या दाण्यांचा, भाव किती झाला. मग नंजनगूडहून परतणाऱ्या गाडीची वेळ होई. गाडीचा आवाज अजून कुठेच नसे, आभाळ तांबूस होत आलेलं असे, आणि नंजुंडी चघळता चघळता थांबे. मान वर करी. ते निळे डोळे रुळांकडे लागत, जिथे पुनीत गेला त्या जागेकडे. बऱ्याच वेळानं गाडी येई आणि निघून जाई. शंभूरावांच्या अंगावर दर संध्याकाळी काटा येई, आणि त्या काट्यासाठीच ते जात. पोरगा तिथे आहे. तो बोलतोय. मला नाही, पण हिला ऐकू येतंय.

म्हणूनच नंजुंडी म्हातारी होत चालली तशी त्यांची झोप उडाली. तिला निळ्या डोळ्यांचं शिंगरू व्हायला हवं होतं. ती गेली तर त्या पागेत पुनीतचं ऐकणारं कोण उरणार? दोनदा तिला इकडचे तिकडचे घोडे दाखवले, दोन्ही शिंगरं साधी तपकिरी निघाली, आवाजाला बुजणारी. ती शंभूरावांनी विकून टाकली. मग नात्यातल्या राघवेंद्राचा घोडा आठवला. राघवेंद्र श्रीरंगपट्टणला घोडे बाळगून होता. त्याचा घोडा जुन्या नंजुंडाचाच नातू, पण डोळे काळे आणि कपाळावर नुसता पांढरा पट्टा. याच्यापासून निळे डोळे येतील की नाही? या एका प्रश्नानं शंभूरावांना घेरलं.

"ताता, टेस्ट करूया की," पूजिता म्हणाली. ती जीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिचं मराठी घरापुरतंच, त्यात अर्धं कन्नड. "हॉर्सचे केस पाठवायचे. मुळासकट. कलरचे सगळे जीन्स सांगतात ते. स्वल्प दिवस लागतात, अष्टे. तेवढंच."

"पोटात नसलेल्या शिंगराचा रंग केसावरून सांगणार?"

"चान्स सांगतात. आईकडे काय आहे, बापाकडे काय आहे, ते कळलं की आपण हिशेब करायचा."

शंभूरावांना हे फार आवडलं. घोड्यांची लग्नं पत्रिका बघून लावायची, म्हणाले. त्यांनी स्वतः नंजुंडीच्या आयाळीतले केस उपटले, राघवेंद्राकडे जाऊन त्याच्या घोड्याचे आणले, आणि मुळांना हात लागू न देता पाकिटात भरून पूजिताच्या स्वाधीन केले. मग दर दोन दिवसांनी विचारायचे, "आला का ग निकाल?" सुष्मा एकदा म्हणाली, "तुझ्या परीक्षेच्या निकालाला एवढे अधीर नव्हते."

निकाल आला त्या दिवशी पूजिता कॉलेजातून थेट पागेत आली. ती तिथे सहसा येत नसे. नंजुंडीपासून लांब, दाराला टेकून उभी राहिली.

"दोघांच्यातही आहे, ताता. पांढऱ्या तोंडाचा जीन. राघवेंद्रकाकाच्या घोड्यात पण. त्याच्यात थोडाच दिसतो, पण आहे. होऊ शकतं निळ्या डोळ्यांचं पिल्लू. चान्स चांगला आहे."

शंभूरावांनी नंजुंडीच्या मानेवर थाप मारली. "बघ! सांगत नव्हतो?"

पूजिता हलली नाही. "आणि एक आहे. ही घोडी... हिला केळत नाही, ताता."

कन्नडात केळणं म्हणजे ऐकणं. शंभूराव खदखदून हसले. "ती कुणाचं ऐकते? तिचा बाप ऐकत नव्हता कुणाचं, आजा ऐकत नव्हता. खानदान आहे ते."

"तसं नव्हे. ऐकत नाही म्हणजे..." तिला मराठी शब्द सापडेना. तिनं स्वतःच्या कानावर हात ठेवला. "किवुडु. किवुडु आहे ती."

शंभूरावांचं हसू तोंडावरच राहिलं. बहिरी.

मग पूजितानं जमेल तसं समजावलं. जनावर आईच्या पोटात असताना त्याला रंग देणाऱ्या पेशी पाठीच्या कण्यापाशी तयार होतात आणि तिथून अंगभर पसरतात. काही घोड्यांत त्या शेवटपर्यंत पोचतच नाहीत. जिथे पोचल्या नाहीत तिथे पांढरं. डोळ्यात पोचल्या नाहीत तर डोळे निळे. "आणि कानाच्या आत पण लागतो रंग, ताता. आत काळोख आहे, कुणाला दिसत नाही, तरी लागतो. तिथे तो नसला तर आवाज आत जातच नाही. सगळ्याच असल्या घोड्यांचं असं होत नाही. पण पुष्कळांचं होतं. एवढं पांढरं तोंड असलं तर जास्तच."

"साकु," शंभूराव म्हणाले. पुरे. "शिकलीस म्हणून काही बोलशील? तोफ पचवणारी जनावरं ही."

 पूजिताचे डोळे भरून आले होते, आणि ते कशानं हे शंभूरावांना त्या घटकेला कळलं नाही. ती पुढे काहीतरी बोलणार होती, पण ओठ मिटून तशीच निघून गेली.

 ती गेल्यावर शंभूरावांनी भिंतीवरची पितळी परात काढली आणि पागेच्या मागच्या बाजूला गेले. तिथून घोडीला ते दिसत नव्हते. फळ्यांच्या फटीतून तिची पाठ आणि कान तेवढे त्यांना दिसत होते. एवढी वर्षं ते नेहमी समोरच्या दारानं आत आले होते, आणि त्यांना पाहून ती खिंकाळली होती. मागून हाक कधी मारलीच नव्हती. मारायची गरज काय पडणार?

"नंजुंडी," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं. मग कारखान्यात लेथच्या आवाजावरून मारत तशी बेंबीच्या देठापासून.

ती कडबा चघळत होती.

शंभूरावांनी परातीवर दांडका हाणला. पलीकडे नील खुंट्याला हिसका देऊन असा उसळला की फळी तडकली. नंजुंडीचा जबडा आपल्या लयीत हलत होता, आणि दोन्ही कान ढिले पडले होते. शंभूराव परात बडवत राहिले, हात दुखेपर्यंत. रानातल्या टिटव्या ओरडत उठल्या. घोडी चघळत होती. त्यांना एकाएकी भीती वाटली, आपण इथे आहोत की नाही याचीच. एवढा आवाज करूनही जर कुणाला ऐकू येत नसेल, तर आपण मेलेलो तर नाही?

शेवटी संतापून त्यांनी जमिनीवर जोरानं पाय आपटला. तशी नंजुंडीनं चट्‌दिशी मान वर केली. तिला जमीन कळत होती, खुरांतून.

म्हणजे गाडी. गाडी लांब असतानाच तिला जमिनीतून कळायची. तिकडून पुनीत बोलत नव्हता. तिकडून नुसती गाडी येत होती.

शंभूराव तिथेच मातीत बसले. पुनीत गेला तेव्हाही ते असे खाली बसले नव्हते. त्या वेळी लोक होते, मान ताठ ठेवायची होती. आज पोरगा दुसऱ्यांदा गेला, आणि या खेपेला त्याला न्यायला आगगाडीसुद्धा लागली नाही. एवढ्या वर्षांचं बोलणं, रोजच्या संध्याकाळचं, कुणाच्याही कानात शिरलं नव्हतं.

आणि मग जगन्नाथरावांचं वाक्य त्यांच्यापुढे उभं राहिलं. पाठ गाडीकडे होती, मान वळवून मागे बघितलंसुद्धा नाही. घोड्याला अगदी आपल्या पाठीमागचं दिसत नाही, हे शंभूरावांनी शेकडो शिकाऊ पोरांना सांगितलं होतं. दिसत नव्हतं. ऐकू येत नव्हतं. गाडी जवळ आली तेव्हा पायाखालचे रूळ थरथरलेही असतील, पण तो थरथराट कुठल्या बाजूचा, हे त्या मुक्या जिवाला कसं कळणार? आणि लगाम धरून उभा असलेला पुनीत, त्याला शिट्टी ऐकू येत होती, गाडी दिसत होती, आणि तरी तो थांबला होता. घोड्याला कळतं, घोडा हलेल, त्याच्या आधी आपण हलायचं नाही. हे त्याला कुणी शिकवलं होतं?

पचवली! शंभूरावांना त्या शब्दाची शिसारी आली. वाडवडलांनी बहिरेपणाला शौर्य म्हटलं, बुजणारी शहाणी जनावरं विकली आणि न ऐकणारी जपली, पिढ्यान् पिढ्या त्यांचीच लग्नं त्यांच्याशी लावली. एकालाही कधी मागे जाऊन परात वाजवावीशी वाटली नाही.

दोन दिवसांनी राघवेंद्र टेम्पोत घोडा घालून हजर झाला. नंजुंडी माजावर होती, वेळ ठरलेली होती. शंभूराव दारातच आडवे उभे राहिले.

"परत ने."

"काय झालं, काका? टेस्टमध्ये बेश आलं म्हणून पूजिता म्हणाली होती ना? निळे डोळे येतात म्हणे."

"येतात. म्हणूनच परत ने." त्यांनी टेम्पोतल्या घोड्याकडे पाहिलं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला तसे त्याचे दोन्ही कान मागे वळले. "हा ऐकतो. याला सांभाळ. पण पांढऱ्या तोंडाच्या घोडीपाशी नेऊ नकोस, आणि नेणार असशील तर आधी तिचे केस तपासून घे. आणि आपल्या घरातले निळ्या डोळ्यांचे घोडे कुणाकुणाकडे गेलेत, तुला ठाऊक आहेत. त्यांना फोन कर. म्हणावं, रस्त्यावर पोरांना बसवू नका त्यांच्यावर."

"कारण काय सांगू?"

"बहिरे आहेत म्हण." त्यांनी ड्रायव्हरला टेम्पो वळवायची खूण केली. "शंभूराव जगतापानं सांगितलं म्हण."

राघवेंद्र घोडा घेऊन परत गेला. म्हातारा चळला, असं त्यानं वाटेत ड्रायव्हरला सांगितलं असणार. पण फोन मात्र त्यानं केले.

त्यानंतर शंभूराव पागेत जात, दाणापाणी करत, खरारा करत आणि संध्याकाळच्या आत निघून येत. बादलीवर बसणं बंद झालं. नंजुंडीवर त्यांचा राग नव्हता. तिचं बिचारीचं काय चुकलं? पण तिच्या निळ्या डोळ्यांसमोर बसायचं त्यांच्यानं होईना. घरात मग ते कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहत. पूजिता एकदा जवळ येऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला, पण अप्पांचं, म्हणजे पुनीतचं, नाव तिनंही काढलं नाही. शंभूरावांना कळून चुकलं होतं की निकाल वाचला त्या दिवशीच पोरीला सगळं उमगलं होतं, आणि तरी तिनं ते तोंडातून काढलं नव्हतं.

अवरेकाळूचे दिवस आले. एका सकाळी डबा भरता भरता सुष्मा म्हणाली, "रुळांचं काम आहे म्हणे. आज गाड्या बंद, दिवसभर. बसनं जाते, लवकर येईन."

शंभूरावांच्या मनात एक विचार आला आणि दिवसभर त्यानं पिच्छा सोडला नाही. आज गाडी नाही. आज घोडी मान वर करणार नाही. एकदा ते डोळ्यांनी बघितलं की संपलं, मग मनाला चाळा उरणार नाही. आभाळ तांबूस व्हायच्या सुमाराला ते पागेत गेले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

नंजुंडी चघळत होती. रूळ रिकामे होते. लांब कुठेतरी कामावरच्या माणसांनी पेटवलेल्या शेकोटीचा धूर दिसत होता, पण ती माणसंही पांगली होती. नील पेंगत होता.

रोजच्या वेळेला नंजुंडीचा जबडा थांबला. तिनं मान वर केली.

शंभूरावांनी खाली वाकून जमिनीला तळवा लावला. जमीन गार होती, निश्चल होती. त्यांनी कान टेकवला. काही नाही. सवय असेल, त्यांनी स्वतःला समजावलं, जनावराला वेळ कळते. त्यांनी वर पाहिलं. नंजुंडीचे कान, जन्मात कधी न हललेले ते ढिले कान, टवकारले होते. दोन्ही. रुळांवरच्या त्या जागेकडे. मग ती हलकेच, नाकातल्या नाकात खिंकाळली, जशी समोरच्या दारातून शंभूराव आत आले की खिंकाळायची तशी.

हीच संध्याकाळ महिनाभरापूर्वी आली असती तर शंभूरावांनी आनंदानं टाहो फोडला असता. आता ते दाराकडे सरकले. तिकडे जर कुणी असेल, तर तो इतकी वर्षं रुळांवर उभा राहून काय ओरडत असेल, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं. तो बापाची ख्यालीखुशाली विचारत नव्हता. तो घोड्याला हल म्हणत होता.

शंभूरावांनी रुळांकडे पाहिलं नाही. घोडीकडे पाठ करून ते बाहेर पडले, दाराला कडी घालतानाही मान वर केली नाही, आणि भराभर चालत बस गाठली. वाटेत कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं, पण ते थांबले नाहीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापाशी त्यांनी फार वर्षं घालवली होती.

घरी सुष्मा स्वयंपाकघरात जमिनीवर बसून भिजवलेल्या अवरेकाळूची सालं काढत होती. बोटात दाणा दाबायचा की तो साल सोडून टुणकन पातेल्यात पडायचा. शंभूराव कधी स्वयंपाकघरात येत नसत. ते दारात उभे राहिले, मग आत आले आणि तिच्यासमोर भिंतीला टेकून खाली बसले.

"काय मामा, कॉफी देऊ?"

"नको." त्यांनी पातेल्याकडे पाहत बोलायला सुरुवात केली. "तो घोडा बहिरा होता, सुष्मा. पुनीतचा नंजुंड. त्याला शिट्टी ऐकू आलीच नाही. मी सगळ्यांना सांगत फिरलो की त्यानं मान वळवली नाही... त्याला काही कळलंच नव्हतं. आणि पुनीत थांबला तो माझ्यामुळे. घोड्याच्या आधी हलायचं नाही, असं मी शिकवलं होतं. लहान होता तेव्हा. फार लहान होता. एकदा घाबरून त्यानं लगाम सोडला होता, तर मी त्याला..."

इतक्या वर्षांच्या सवयीनं ते हळू, एका सुरात, उत्तराची अपेक्षा नसल्यासारखे बोलत होते. मध्येच त्यांचं त्यांनाच ते जाणवलं आणि ते गप्प झाले. सालं काढणारी बोटंही थांबली होती. सुष्मानं पातेलं बाजूला सरकवलं, पदराला हात पुसले आणि प्रथमच सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"थांबू नका, मामा," ती म्हणाली. "मला ऐकू येतंय."